मावशीचा चढता आकडा

मित्रांनो, मी एक जुना भोवरा आहे. मला दोरी नाही, वायर आहे. मला कुणी अंगणात फिरवत नाही, टेबलावर फिरवतात. कारखान्यात माझं नाव सेंट्रिफ्यूज ठेवलं होतं. ते उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून या प्रयोगशाळेत सगळे मला भोवराच म्हणतात. मलाही तेच बरं वाटतं.

माझं आयुष्य सांगण्याजोगं आहे का, याची मला अजून खात्री नाही. मी कुठल्या लढाईत गेलो नाही की समुद्र ओलांडला नाही. एका जागी बसून गरगर फिरणं, एवढंच माझं काम. पण फिरणाऱ्याला थांबवलं की त्याचं डोकं फिरू लागतं. हल्ली मी बराच वेळ बंद असतो आणि बंद असलो की मला स्वस्थता नसते. मनात सारखी तीच गोष्ट येते. सांगून टाकली तर कदाचित थोडं बरं वाटेल.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. पोलादाचं पोट, त्यात एक गोल फिरकी आणि फिरकीत कडेकडेनं बसवलेले कप्पे. एका म्हाताऱ्या फिटरनं माझ्या झाकणाला कान लावून मला पहिल्यांदा चालू केलं. डॉक्टर छाती तपासतो तसा तो ऐकत होता. मग म्हणाला, "गडी सरळ आहे. फक्त तोल सांभाळा त्याचा."

तोल हीच माझी सगळी अक्कल. माझ्या एका कप्प्यात रक्ताची नळी ठेवली, तर बरोबर समोरच्या कप्प्यात तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. दुसरी नसेल तर पाणी भरून ठेवायची. हे विसरलं की मी थरथरतो, टेबलावर चालायला लागतो, आणि माणसं हातातलं काम टाकून मला धरायला धावतात.

रक्त फिरवायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. नळीतलं रक्त थोडा वेळ ठेवलं की गोठतं. मग मी ते जोरात फिरवतो. लाल गठ्ठा खाली बसतो आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी उरतं. त्याला सीरम म्हणतात. शरीराच्या बऱ्याच बातम्या त्या पाण्यात विरघळलेल्या असतात. मला त्या वाचता येत नाहीत. मी आपला टपालवाला, पाकीट पोचवतो, आतलं पत्र दुसरं कुणी वाचतं.

तारुण्यात मी एका मोठ्या इस्पितळात होतो. सकाळपासून माझ्यापुढे नळ्यांची रांग लागायची. "हा कधी दगा देत नाही," असं लोक म्हणायचे आणि मी आणखी जोमानं फिरायचो. पुढे तिथे एक नवं यंत्र आलं. ते आवाज करायचं नाही, स्वतःचा तोल स्वतः बघायचं. मला जिन्याखाली ठेवलं. माझ्या झाकणावर आधी एक बादली आली, मग तुटकी खुर्ची आली. बंद राहून राहून माझे बेअरिंग आखडले. त्या काळाबद्दल मी जास्त बोलत नाही. बोललो की घरघर लागते.

तिथून मला उचलून आणलं ते डॉक्टरबाईंनी. त्या रुग्ण तपासत नाहीत, संशोधन करतात. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि माझ्याइतक्याच अस्वस्थ. खुर्चीवर बसल्या तरी त्यांचा एक पाय हलत असतो. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एका लांब इमारतीच्या तळमजल्यावरची एकच खोली. खिडकीखाली मी, माझ्या शेजारी आकडे मोजणारं यंत्र, पलीकडे गुणगुणणारा फ्रीजर. मदतीला एक तंत्रज्ञ. त्याला सगळे गडबडे म्हणतात. ते काही त्याचं आडनाव नाही, तो त्याचा स्वभाव आहे. एका हातानं दार उघडताना दुसऱ्या हातानं तो ते लावत असतो.

बाईंचं काम कशाचं, ते नीट सांगायला हवं. बायकांच्या ओटीपोटात दोन अंडाशयं असतात, बदामाएवढी. तिथला कर्करोग फार मुका असतो. दुखत नाही, दिसत नाही. पोट थोडं फुगतं, दोन घासांत भरल्यासारखं वाटतं, आणि आजारी बाई म्हणते, अपचन झालं असेल. कळतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. पण त्या रोगात एक प्रथिन रक्तात वाढतं. त्या खुणेचा आकडा मोजता येतो. अडचण एवढीच की ही खूण इमानदार नाही. कधी रोग असून आकडा गप्प राहतो, कधी साध्याच कारणानं वर जातो. बाईंचं म्हणणं असं होतं, की एकदाच मोजून काय कळणार? एकाच बाईचं रक्त दर काही महिन्यांनी तपासा. आकडा किती आहे यापेक्षा तो चढतोय का, ते बघा.

त्यासाठी ज्यांच्या घरात हा आजार होऊन गेला, अशा धडधाकट बायका येऊन रक्त देऊन जात. नळीवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. नळ्या माझ्याकडून शेजाऱ्याकडे जायच्या आणि शेजारी आकडे काढायचा. मला पुन्हा काम मिळालं होतं. बेअरिंग बदलले होते. मी सुखात होतो, म्हणजे माझ्यासारख्याला जेवढं सुखात राहता येतं तेवढा.

एका सकाळी बाई कागद घेऊन उभ्याच राहिल्या. त्यांचा पाय हलायचा थांबला.

"गडबडे, हा क्रमांक बघा. मागच्या वेळेपेक्षा दुप्पट. त्याच्या मागच्या वेळीसुद्धा चढलेलाच होता."

"म्हणजे सापडली, मॅडम!" गडबडे टाळी वाजवायच्या बेतात होता. "आपण म्हणत होतो तसंच!"

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला. मी तो पाहिला. शोधणाऱ्याला सापडल्यावर जो होतो तो आनंद. मग त्यांनी कपाट उघडलं आणि आतल्या वहीत त्या क्रमांकापुढचं नाव वाचलं. आनंद तिथल्या तिथे विझला.

"कोण आहे?" गडबडेनं विचारलं.

"आपली मावशी."

मावशी म्हणजे याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला उंदीरघर सांभाळणारी बाई. औषधांच्या प्रयोगांसाठी पांढरे उंदीर लागतात. त्यांना खायला घालणं, पिंजरे धुणं, पिल्लं मोजणं, हे तिचं काम. चाळिशी उलटलेली, ठसठशीत आवाजाची. तिच्या थोरल्या बहिणीला याच आजारानं नेलं. बहिणीची मुलगी हिनंच वाढवली. ती पोरगी 'मावशी, मावशी' करत इथे यायची, म्हणून मग ही सगळ्यांचीच मावशी झाली. खोलीत शिरली की आधी माझ्या झाकणावर थाप मारायची, "काय रे भोवऱ्या, फिरतोस ना? बस, फिरत राहा. थांबला तो संपला." तिच्या हातावर उंदरांच्या चाव्याच्या बारीक खुणा होत्या.

बाईंनी तिला बोलावून घेतलं तेव्हा मी फिरत होतो. मी मनातून म्हणत होतो की आता मला थांबवू नका, मला ऐकायचं नाही. पण माझी वेळ भरली आणि मी थांबलो.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, पण मला काही होत नाहीये. पोट दुखत नाही, जेवण जातंय, पिंजरे उचलतेय."

"म्हणूनच तर, मावशी. लवकर कळलं तर बरं होता येतं. आधी सोनोग्राफी करून घेऊ."

सोनोग्राफीत एका अंडाशयावर छोटी, पाण्यानं भरलेली गाठ दिसली. एरवी अशा गाठीकडे डॉक्टर थोडे दिवस नुसतं लक्ष ठेवतात. आपोआप जातात त्या. पण चढत्या आकड्याशेजारी ती गाठ ठेवली की तिचं रूपच बदलत होतं. सर्जननं सांगितलं, घरात आधी एक गेलेली आहे, आकडा चढतोय, गाठ आहे. उघडून बघू आणि दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, सगळंच काढून टाकू. दिवसही ठरला.

दुसऱ्या दिवशी मावशी भाचीला घेऊन प्रयोगशाळेत आली. भाची कॉलेजात शिकणारी, धारदार नाकाची आणि त्याहून धारदार जिभेची.

"मॅडम, तुम्हीच सांगा हिला," ती आत येता येताच म्हणाली. "काल रात्रीपासून एकच पालुपद. थोडं थांबू या, थोडं थांबू या."

"अगं, थांबू या म्हणजे कायमचं नाही म्हटलं मी."

"आईला पण सगळे थांबच म्हणत होते. गॅस असेल, वय आहे, धावपळ जास्त होते. थांबता थांबता काय झालं ते पाहिलंस ना तू? मी पण पाहिलंय. मी लहान होते, आंधळी नव्हते."

मावशी माझ्या टेबलाची कड घट्ट धरून हळू म्हणाली, "तुझी आई चालत आत गेली होती गं. हसत. तिच्या चपला माझ्या हातात होत्या. आजारानं मरू की नाही, ते मला ठाऊक नाही. त्या दारातून आत जायला मात्र माझी पाचावर धारण बसते."

"मग मी काय करू? तुझ्या पण चपला सांभाळू? निदान वेळेवर तरी सांभाळू दे!"

गडबडे पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करत राहिला. शेवटी मावशीनं भाचीच्या डोक्यावर टपली मारली. "वकील हो तू. समोरच्याचं घरदार विकायला लावशील." आणि बाईंकडे वळून म्हणाली, "ठीक आहे. करा काय करायचं ते. ही पोर झोपत नाहीये माझ्यामुळे."

असं मावशीनं 'हो' म्हटलं. मित्रांनो, ते 'हो' मला बोचलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आताही नीट सांगता येतंय असं नाही.

ऑपरेशनच्या आधी बाईंना तिचं शेवटचं रक्त हवं होतं, आकडा आणखी चढला का ते बघायला. मावशी सकाळी येऊन नळी भरून देऊन गेली. जाताना म्हणाली, "तिकडे पिल्लं झालीत सात-आठ पिंजऱ्यांत. सर्जनला सांगा, एवढी घाई असेल तर आधी माझे पिंजरे धुवायला या."

त्या दिवशी बाईंची एकच नळी होती. समोरच्या कप्प्यात पाण्याची नळी ठेवायची, हा नियम. पण गडबडे घाईत होता. वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरांनी म्हाताऱ्या पुरुषांच्या नळ्या तपासायला पाठवल्या होत्या. त्यांना प्रोस्टेटची तपासणी हवी होती. प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरात असलेली एक ग्रंथी. तिचीही रक्तात एक खूण असते, आणि तीही माझा शेजारीच मोजतो. त्या नळ्यांतही एक नळी एकटी पडली होती. गडबडेनं डोकं चालवलं: पाणी कशाला भरायचं? ही दोन रक्तं समोरासमोर लावली की तोल झाला! तोल झाला, हे खरंच. मी गुमान फिरलो. पण थांबल्यावर त्यानं नळ्या सवयीनं जोडीजोडीनं उचलल्या आणि मावशीची नळी पुरुषांच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी बिचारा नळीवरचा क्रमांक वाचत नाही. ज्या रांगेत ठेवाल ती तपासणी करतो.

घोळ लक्षात आला तो आकडे बाहेर पडल्यावर. गडबडेनं कपाळावर हात मारला.

"मॅडम, रागावू नका. मावशीची नळी चुकून म्हाताऱ्यांच्यात गेली. प्रोस्टेटची तपासणी झाली तिची."

बाई खरंच चिडल्या. "गडबडे! त्या बाईचं परवा ऑपरेशन आहे आणि तुम्ही तिच्या नळीशी खेळताय? नळीत थोडंच सीरम असतं. उरलंय का काही?"

"उरलंय, भरपूर उरलंय. लगेच बरोबर तपासणी लावतो. हा चुकलेला कागद फाडून टाकतो."

तो कागद फाडणारच होता. पण हसू आवरेना त्याला. "मावशीला सांगायला हवं. तिला प्रोस्टेट पण आहे, आणि तेही चांगलंच वाढलेलं. वरच्या आजोबांपेक्षा हिचाच आकडा मोठा!"

बाई पाठमोऱ्या होत्या. त्या वळल्या.

"काय म्हणालात?"

"गंमत केली, मॅडम."

"आकडा किती आहे ते दाखवा."

त्यांनी कागद हिसकावून घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. जी ग्रंथी त्या बाईच्या अंगात नाहीच, तिची खूण तिच्या रक्तात येईल कशी? फार तर नावापुरती येईल. एवढी?

"नळी तिचीच आहे?"

"तिचीच. क्रमांक बघा ना."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली, पुन्हा तोच आकडा. आता बाईंचा पाय असा हलू लागला की टेबलावर मीही हललो. त्या स्वतः उठल्या. मावशीच्या सीरमचा एक थेंब घेऊन त्यात तेवढंच साधं द्रावण मिसळलं आणि त्यांची स्वतःची तपासणी, ती अंडाशयाची, त्याच्यावर लावली. सरबतात पाणी घातलं की गोडी कमी होते ना, तसा आकडाही निम्मा व्हायला हवा होता. तो जेमतेम हलला.

"हे प्रथिन नाहीच," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "दुसरंच काहीतरी आकडा चढवतंय." आणि मग एकदम गडबडेचा दंड धरून म्हणाल्या, "या दोन्ही तपासण्यांत सारखं काय आहे? सांगा!"

"दोन्हीत?" गडबडे घाबरला. "दोन्ही डब्यांवर लिहिलेलं असतं... उंदराचे प्रतिपिंड."

"आणि ही बाई दिवसभर कुणात असते?"

मी फिरत नव्हतो, तरी मला गरगरलं.

मित्रांनो, मला समजलं तसं सांगतो, चुकलं तर मोठ्यांना विचारा. ही तपासणी म्हणजे दोन हातांचा खेळ. एक हात प्रथिनाला खालून धरतो. दुसरा, दिवा घेतलेला हात, त्याच प्रथिनाला वरून धरतो. मधे प्रथिन सापडलं तरच दोन हात जोडले जातात आणि दिवा लागतो. किती दिवे लागले ते मोजायचं, तो आकडा. हे दोन्ही हात उंदराच्या शरीरात तयार केलेल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटीबॉडींचे, असतात. आता मावशीला वर्षानुवर्षं उंदीर चावत होते, त्यांची धूळ तिच्या नाकातोंडात जात होती. तिच्या शरीरानं उंदरापासून सावध राहायला स्वतःचे शिपाई उभे केले होते. ते शिपाई नळीत आले, त्यांना उंदराचे हात दिसले, आणि त्यांनी दोन्ही हात धरून एकमेकांना बांधून टाकले. मधे काहीच नव्हतं तरी दिवे लागले. आकडा चढत होता, कारण उंदीरघरात पिंजरे वाढत होते.

पण तर्क वेगळा आणि खात्री वेगळी. बाईंनी गडबडेला उंदीरघरात पाठवलं. मावशीच्याच उंदरांचं थोडं रक्त आलं. ते मीच फिरवलं. त्याचं सीरम मावशीच्या सीरममध्ये आधीच मिसळलं, म्हणजे तिचे शिपाई त्यातच गुंतून पडतील आणि तपासणीच्या हातांना मोकळं सोडतील. मग मोजलं. आकडा धाडकन खाली आला. कुणाही धडधाकट बाईचा असावा तेवढा.

मला वाटलं, झालं, सुटली मावशी. पण माणसांचं इतकं सोपं नसतं.

बाईंनी दोघींना बोलावून सगळं सांगितलं. भाची ताडकन उभी राहिली.

"म्हणजे आता थांबायचं? ऑपरेशन परवावर आलंय आणि तुम्ही म्हणता उंदीर?"

"मी म्हणते, आणखी एकदा बघू. एक दुसरी प्रयोगशाळा आहे, तिथले प्रतिपिंड सशाचे असतात. तिथे नळी पाठवते. सर्जनशी बोलले आहे मी. ते थोडे दिवस थांबायला तयार आहेत."

"तुम्हीच म्हणालात आकडा चढतोय. तुम्हीच म्हणताय आकडा खोटा. यातल्या कुठल्या मॅडमवर विश्वास ठेवू मी?"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी आवाज चढवला नाही. "दोघींवर ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "तपासण्यांवर ठेव, आणि त्याही दोन वेगळ्या ठिकाणच्या. मला खात्री असती तर मी तुला खात्री दिली असती. आता माझ्याकडे तेवढी नाही. पण एका फसव्या आकड्यावर तुझ्या मावशीचं पोट उघडू देणं मला जमणार नाही."

"आणि थांबल्यामुळे काही झालं तर?"

पोरीचा आवाज फाटला होता. मावशीच पुढे होऊन बोलली.

"तुला वाटतं मी घाबरून थांबतेय. पहिल्यांदा घाबरूनच थांबा म्हणत होते. आज तसं नाही. आज मला कारण कळलंय. निकाल वाईट आला तर मी त्या दारातून चालत आत जाईन, तुझा हात धरून. पण आलाच नाही वाईट, तर उगाच नको आत ढकलूस मला."

भाची स्टुलावर बसली आणि मावशीच्या पदराची कड बोटाला गुंडाळत राहिली.

निकाल यायला किती दिवस लागले, ते मी मोजले नाहीत. मी नुसता होतो. त्या दिवसांत मला कुणी चालू केलं नाही, आणि झाकणाखाली माझी फिरकी आतल्या आत कशी शिवशिवत होती ते कुणाला कळलंही नसेल. बाई खोलीत येरझारा घालायच्या. गडबडे पहिल्यांदाच सगळी कामं हळूहळू करायला लागला. त्यानं जास्तच भीती वाटायची.

निकाल आला. सशांच्या प्रयोगशाळेतला आकडा शांत होता. सोनोग्राफी पुन्हा केली तर गाठही आकसून गेलेली. सर्जननं ऑपरेशन रद्द केलं.

मावशी आली ती मोठ्यानं हसतच. "काय बाई! एवढा डोंगर पोखरलात, आणि शेवटी काढलात काय, तर उंदीर!"

गडबडे हसता हसता डोळे पुसू लागला. त्याला ती म्हणाली, "आणि तुम्ही हो, गडबडे! तुमच्या गडबडीनं वाचले. पण पुन्हा माझी नळी म्हाताऱ्यांत बसवलीत तर पिंजऱ्यात घालीन तुम्हाला."

बाई मात्र पूर्ण हसल्या नाहीत. "मावशी, ऐका. आकडा खोटा होता एवढंच सिद्ध झालंय. तुमच्या घरात तो आजार आहे, हे खोटं नाही. माझ्या तपासणीवर तुमच्यापुरता माझा विश्वास नाही आता. म्हणून दर काही महिन्यांनी ती दुसरी तपासणी आणि सोनोग्राफी. आणि हातमोजे घालायचे. रोज."

"हातमोजे घातले की पिल्लांना ओळख पटत नाही हो."

"मावशी!" हे भाची आणि बाई दोघी एकदम म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, आता निघतील. भाची निघेना. ती दारात उभी राहिली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. मावशीनं विचारलं, "काय गं, काय राहिलं?"

"काही नाही." मग खाली बघत म्हणाली, "मॅडम, आई गेली त्या घरातली तर मी पण आहे ना. मावशीच्या आधी मीच."

बाई तिच्याकडे वळल्या. "तुला आम्ही सुरुवातीलाच विचारलं होतं. तू नाही म्हणालीस."

"मला माझा आकडा नको होता." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला कसाबसा ऐकू आला. "हिचा कळला की पुरे, हिचं सगळं काढून टाकलं की पुरे, असं वाटायचं. मग घरात भीतीच उरणार नाही. मी मावशीला ढकलत होते, कारण मला स्वतःकडे बघायचं नव्हतं."

मावशीनं स्टूल पुढे ओढलं. "बैस," म्हणाली. "बाही वर कर. मी धरते हात. आणि तिकडे बघू नकोस, माझ्या तोंडाकडे बघ. कुरूप आहे, पण सुईपेक्षा बरं."

नळी भरली. थोडा वेळ ठेवली. मग ती माझ्या कप्प्यात आली, अजून कोमट. मला माझंच नवल वाटतं, इतक्या नळ्या फिरवल्या पण त्या एका नळीच्या वेळी मी पहिल्यांदा घाबरलो. मला वाटलं, न फिरता असंच बसावं. फिरलो नाही तर वाईट काही कळणारच नाही. पण मग आठवलं, न कळण्यानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तिच्या आईचंही नाही.

आता मी फार म्हातारा झालो आहे. माझ्या जागी नवं यंत्र येणार, असं बाई फोनवर बोलताना मी ऐकलंय. यावं. त्याचा तोल माझ्यापेक्षा बरा असेल. पण जायच्या आधी, मित्रांनो, तुम्हाला थोडं सांगायची परवानगी द्या. आकड्याला देव मानू नका आणि खोटारडाही म्हणू नका. त्याला पुन्हा विचारा, दुसरीकडे नेऊन विचारा, आणि ज्याच्या रक्तातून तो आला त्या माणसाला विचारा, तू दिवसभर कुठे असतोस, काय करतोस. आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. तुमच्या घरातली आई, आत्या, मावशी, कुणीही, "हल्ली पोट जड वाटतंय, घास जात नाही," असं म्हणाली, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणू लागली, तर 'गॅस असेल' म्हणून पुढचं पान उलटू नका. हातातलं खाली ठेवा. तिच्याकडे बघा. डॉक्टरकडे तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा.

त्या दिवशी भाचीची नळी आत ठेवून गडबडेनं माझं झाकण लावलं. घाई केली नाही, हातानं दाबून बघितलं. मावशी आणि भाची एकाच स्टुलावर कशाबशा मावून बसल्या होत्या.

"किती वेळ लागेल?" भाचीनं विचारलं.

"लागेल तेवढा," मावशी म्हणाली. "आपण बसलोय ना दोघी."

मग गडबडेनं बटण दाबलं आणि मी फिरू लागलो.